पुस्तकाचं नाव घालून ऑर्डर द्या : सार्वजनिक ग्रंथालयांच्या कार्यकारी मंडळांना खुलं पत्र

प्रति,
अध्यक्ष, कार्यवाह आणि सर्व सदस्य,
कार्यकारी मंडळ,
महाराष्ट्रातील शासनमान्य सार्वजनिक ग्रंथालये

विषय : वार्षिक ग्रंथखरेदी आणि नव्या लेखकांची पुस्तकं

सप्रेम नमस्कार.

गेल्या महिन्यात एका तालुका ग्रंथालयाचं दरपत्रक मागवणारं पत्र माझ्याकडे आलं. ग्रंथालयाचं नाव लिहीत नाही, कारण अशीच पत्रं बऱ्याच ठिकाणांहून निघतात आणि एकालाच पुढे उभं करणं बरोबर होणार नाही. अटी नेहमीच्याच होत्या. छापील किमतीवर किमान ५० टक्के सवलत. वाहतूक खर्च पुरवठादाराकडे. बिल अनुदानाचा हप्ता जमा झाल्यावर. खाली तक्ता : कादंबरी ८० नग, चरित्र ४० नग, बालसाहित्य ६० नग, धार्मिक ३० नग, इतर २० नग. अख्ख्या पत्रात एकाही पुस्तकाचं नाव नव्हतं. लेखकाचं नव्हतं, प्रकाशनाचंही नव्हतं. कवितेला स्वतंत्र ओळ नव्हती. ती बहुतेक ‘इतर’मध्ये बसवली असणार.

वाचनालयानं दोनशेतीस पुस्तकं मागवायची ठरवली आणि त्यातलं एकही कुणाला हवं आहे म्हणून मागवलेलं नाही. हे वाचून मला गप्प बसवेना. म्हणून हे पत्र.

मी मिरजेत राहत्या घराच्या पुढच्या दोन खोल्यांतून प्रकाशन चालवते. वर्षाला चार, फार तर पाच पुस्तकं निघतात, प्रत्येकाच्या ३०० प्रती. लेखकाकडून छपाईचे पैसे घेत नाही, त्यामुळे पुस्तक निवडताना दहादा विचार करावा लागतो आणि आलेल्या हस्तलिखितांपैकी बहुतेक परत जातात. हे मुद्दाम सांगते. छोटं प्रकाशन म्हटलं की लेखकानं पैसे भरले आणि यांनी छापून दिलं, असाच समज असतो. तो समज हवेतून आलेला नाही, तसं करणारे पुष्कळ आहेत. त्याबद्दल पुढे लिहिते.

यंदा आमची चार पुस्तकं आली. चारही लेखक कुठल्या गटातले नाहीत, कुठल्या साहित्य संस्थेवर नाहीत. एक कादंबरी आहे. ती लिहिणारी बाई जत तालुक्यातली, आईवडील दर हंगामाला ऊसतोडीला जायचे, शाळा अर्धी गावात आणि अर्धी फडाच्या कडेला. दुसऱ्या पुस्तकात एसटीत वाहक म्हणून नोकरी केलेल्या गृहस्थांच्या कथा आहेत. तिसरा एका आशा सेविकेचा कवितासंग्रह. चौथं पुस्तक तंतुवाद्यं बनवणाऱ्या मिरजेच्या एका कारागिराचं आहे आणि त्यावर माझा जरा जास्त जीव आहे, ते लपवत नाही.

मिरजेच्या सतार आणि तानपुऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. बातम्या आल्या, हारतुरे झाले. हे काम आतून कसं चालतं ते काम करणाऱ्या माणसानं स्वतः मराठीत लिहिलेलं मात्र शोधावं लागतं. या पुस्तकात ते आहे. पंढरपूर, मंगळवेढ्याकडून येणारा भोपळा वाजवून कसा पारखायचा, तो वाळताना कुठे दगा देतो, दांडी जोडताना हात का घाई करतो, तारा जिच्यावर टेकतात त्या घोडीवर कानस फिरवत जवारी, म्हणजे तारेचा झंकार, काढायची तर कान आधी कुठल्या तारेला लावायचा. मधेच एखाद्या गायकाचा राग, उधारी, मुलानं हे काम नको म्हणणं. त्यांची मराठी मिरजेची आहे, दखनीचा हात धरून चालणारी. मुद्रितशोधकानं ती प्रमाण करून आणली होती. आम्ही दोन आठवडे बसून ती पुन्हा होती तशी केली. हे पुस्तक तुमच्या तक्त्यात कुठे बसेल, सांगा. चरित्र नाही, कादंबरी नाही, धार्मिक नाही. तेही ‘इतर’मध्येच जाणार, आणि तिथल्या वीस नगांत येईलच असं नाही.

तुम्हालाच का लिहिते आहे, असं विचाराल. मंत्र्यांना, ग्रंथालय संचालनालयाला लिहिणारे खूप आहेत आणि तिथे मागायच्या गोष्टीही खूप आहेत. पण कुठलं पुस्तक घ्यायचं हे गावात तुम्ही ठरवता. महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालये अधिनियम १९६७ चा आहे. त्याखाली मान्यता मिळालेली ग्रंथालयं राज्यात ११ ते १२ हजारांच्या घरात आहेत. त्यांतल्या वीसातल्या एकानं जरी आमच्या पुस्तकाची एक प्रत घेतली, तरी ३०० ची आवृत्ती संपून दुसरी काढावी लागेल. दुसऱ्या कुठल्याही भाषेतल्या छोट्या प्रकाशकाला हेवा वाटावा असं हे जाळं आहे. आणि आमच्या पुस्तकाच्या वाट्याला त्यातून आजवर येतात ती पंधरा-वीस ग्रंथालयं, तीही ओळखीची.

आता तक्रारी. पहिली सवलतीची, आणि ती आकड्यांतच सांगते, म्हणजे प्रकाशक रडतात असं म्हणायला जागा राहणार नाही.

वर सांगितलेलं कारागिराचं पुस्तक १६० पानांचं आहे, डेमी आकाराचं, किंमत २५० रुपये. ३०० प्रती छापून आणि बांधून घरी आल्या तेव्हा प्रतीला ९५ रुपये पडले. अक्षरजुळणी, मुद्रितशोधन, मुखपृष्ठ, आतली रेखाचित्रं यांचे १५ हजार. ते ३०० वर वाटले की प्रतीला ५०. लेखकाला छापील किमतीच्या १० टक्के, म्हणजे २५. एकूण १७०. तुमच्या अटीप्रमाणे निम्मी किंमत कापली की माझ्या हातात १२५ येतात. प्रत्येक प्रतीमागे ४५ रुपये मी घालायचे, आणि वर पार्सलचा खर्चही माझा. २५ टक्के सवलत दिली तर १८७ रुपये ५० पैसे येतात, साडेसतरा रुपये उरतात. त्यात पार्सल, वाळवी आणि माझा चहा.

हे आकडे कमी होण्याची लक्षणं नाहीत. पुस्तकावर जीएसटी नाही, ही चांगली गोष्ट. पण छपाईच्या कागदावरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून १२ चा १८ टक्के झाला आणि विक्रीवर कर नसल्यामुळे कागदावर भरलेला कर आम्हाला परत मिळत नाही, तो पुस्तकाच्या किमतीत मुरतो. टपालाचंही तसंच. रजिस्टर्ड बुक पोस्टनं पाच किलो पुस्तकं ८० रुपयांत देशात कुठेही जायची. ती सेवा १८ डिसेंबर २०२४ ला बंद झाली. पुढे १ मे २०२५ पासून ज्ञान पोस्ट सुरू झालं, पाच किलोला १०० रुपये आणि वर कर. मधल्या महिन्यांत कुरियरनं जे पाठवलं त्याची बिलं मी अजून फाइलला लावून ठेवली आहेत, बघवत नाहीत तरी.

मग ५० आणि ६० टक्के देणारे कुठून देतात? तुमच्यातल्या जुन्या कार्यवाहांना हे माझ्यापेक्षा चांगलं माहीत आहे. आधी सवलत ठरते, मग किंमत छापली जाते. सव्वाशे पानांचं पुस्तक, मोठा टाइप, ऐसपैस समास, किंमत ४०० रुपये. मजकूर कुठलातरी जुना, किंवा थोरामोठ्यांचं चरित्र इंटरनेटवरून उचलून एका साच्यात बसवलेलं. मुखपृष्ठावरचा चेहरा बदलला की पुढचं चरित्र तयार. लेखक नाही तर मानधन नाही, वाचून बघणारा नाही तर मुद्रितशोधन नाही. छपाई साठ रुपयांत उरकते. ६० टक्के सवलत दिली तरी विकणाऱ्याच्या हातात १६० रुपये पडतात. जुनी पुस्तकं पुन्हा छापण्यात काही गैर नाही. लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षांनी स्वामित्वहक्क संपतो आणि चांगल्या पुस्तकाची चांगली, स्वस्त आवृत्ती कुणी काढली तर मी पहिली टाळी वाजवीन. इथे स्वस्त काहीच नाही. तुम्ही १६० रुपयांना साठ रुपयांचं पुस्तक घेता आणि दप्तरात २४० रुपये वाचवल्याची नोंद होते. तपासणीला आलेल्या अधिकाऱ्यालाही खरेदी चोख वाटते.

अनुदान ज्यावर ठरतं तो ‘अ’ ते ‘ड’ वर्ग टिकवायचा तर ग्रंथसंख्या भरावी लागते, हे मला ठाऊक आहे. नग मोजण्याची सवय तिथूनच लागली असणार. पण दाखल नोंदवहीत चढलेली ती चरित्रं किती वेळा घरी गेली, हे एकदा देवघेवीच्या नोंदीत बघा. मी एका ठिकाणी बघितलं आहे. कपाटाचे दोन खण पुस्तकांनी भरलेले होते आणि बहुतेकांच्या तारखेच्या चिठ्ठीवर शिक्काच नव्हता.

दुसरी तक्रार पैशांच्या उशिराची. अनुदान दोन हप्त्यांत येतं, वेळेवर येत नाही आणि मार्चच्या तोंडावर सगळी घाई होते, यात तुमचा दोष नाही. अनुदानाचे दर २०१२ नंतर वाढले ते थेट २०२२ मध्ये, ६० टक्क्यांनी. मधली दहा वर्षं तुम्ही कशी काढली ते तुमचं तुम्हाला माहीत. ग्रंथालयांच्या २०१२ च्या पडताळणीनंतर वर्गबदल आणि नवी मान्यता बरीच वर्षं अडकून पडली होती, तेही माहीत आहे. ‘ड’ वर्गाच्या ग्रंथपालाला महिन्याला हातात काय मिळतं हे लिहायची मला लाज वाटते, तरी तो माणूस संध्याकाळी येऊन कुलूप उघडतो. हे पत्र त्याच्यासाठी नाही, त्याच्या हातात खरेदी नसतेच. माझं म्हणणं मंडळांना आहे. हप्ता यायचा तेव्हा येईल, पण तो आल्यावर सगळ्यात आधी कुणाचं बिल निघतं? मोठ्या पुरवठादाराचं, कारण त्याचा माणूस दारात येऊन बसतो. आमची १,१२५ रुपयांची, सहा पुस्तकांची बिलं मागे राहतात. एका ग्रंथालयाकडे असंच एक बिल दोन मार्च उलटून गेले तरी आहे. आठवण करायला फोन केला तर मलाच संकोच होतो, एवढ्याशा रकमेसाठी काय मागे लागायचं म्हणून. पण माझ्या खोल्यांमध्ये सगळ्याच रकमा एवढ्याशा असतात, आणि त्या जमल्या तरच पुढचं पुस्तक छापखान्यात जातं.

तिसरी गोष्ट भेटप्रतींची. “आपली प्रकाशने ग्रंथालयास भेट द्यावीत, त्यायोगे आपल्या लेखकांना प्रसिद्धी मिळेल,” अशा मजकुराची पत्रं वर्षभर येतात, खाली ठसठशीत शिक्का. १९५४ च्या कायद्याप्रमाणे आम्ही प्रत्येक पुस्तकाच्या प्रती स्वखर्चानं कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आणि ठरलेल्या इतर ग्रंथालयांत जमा करतो. ग्रंथालयांसाठी निघणाऱ्या शासनमान्य पुस्तकांच्या यादीसाठी एक प्रत संचालनालयाला विनामूल्य देतो. समीक्षकांना, पुरस्कारांना देतो. पुरस्कारवाले तर चार-चार प्रती मागतात. २०१९ च्या पुरात सांगलीच्या नगर वाचनालयाची पुस्तकं भिजली तेव्हा मी जेवढी होती तेवढी नेऊन दिली, तिथे बिलाचा प्रश्नच नव्हता. पण सगळं सुरळीत चाललेल्या, वर्षाला अनुदान घेणाऱ्या संस्थेनं ३०० प्रतींच्या आवृत्तीतून फुकट प्रत मागायची आणि त्याच महिन्यात चारशे रुपयांची चरित्रं विकत घ्यायची, हे मला कळत नाही. लेखकाला प्रसिद्धीपेक्षा २५ रुपये मिळाले तर जास्त आवडेल. आमच्या आशाताईंना पहिल्या मानधनाचा धनादेश दिला तेव्हा रक्कम चार आकडी नव्हती. त्यांनी तो बँकेत टाकायच्या आधी झेरॉक्स काढून ठेवली.

चौथी, आणि ही जरा लांबेल : “वाचक मागत नाहीत.”

हे वाक्य मी इतक्या कार्यवाहांकडून ऐकलं आहे की त्यामागे काही खरं असणारच. वाचक ओळखीची नावं मागतात, जाड कादंबरी मागतात, ज्यावर मालिका आली ते मागतात. मागू देत, द्याच ते. पण जे पुस्तक आहे हेच माहीत नाही ते कोण मागणार? पूर्वी रविवारच्या पुरवणीत परीक्षण यायचं, ते पान आता आक्रसलं आहे. तालुक्याच्या गावात पुस्तकाचं दुकान म्हणजे वह्या, गाइडं आणि स्पर्धा परीक्षा. मोठ्या शहरांत पुस्तक महोत्सव होतात, गर्दीचे फोटो येतात, पण जतच्या किंवा आटपाडीच्या वाचकाला तिथे जायचं तर दिवसाची मजुरी बुडते. त्याला नवं पुस्तक हातात धरून चाळता येईल अशी एकच जागा उरली आहे, तुमचं टेबल.

जत तालुक्यातल्याच नवनाथ गोरे यांच्या ‘फेसाटी’ या पहिल्या कादंबरीला २०१८ मध्ये साहित्य अकादमीचा युवा पुरस्कार मिळाला. पुरस्कारानंतर ती सगळ्यांना हवी झाली. पुरस्कार मिळेपर्यंत किती ग्रंथालयांच्या टेबलावर ती होती? दिल्लीनं सांगायच्या आधी आपल्या शेजारच्या गावातल्या माणसानं काय लिहिलं आहे हे बघायला ग्रंथालयाच्या निवड समितीला काही फार लांब जायचं नव्हतं.

उलट उदाहरणही सांगते. सोलापूर जिल्ह्याच्या हद्दीलगत एक ‘ड’ वर्गाचं वाचनालय आहे, एका खोलीचं, मारुतीच्या देवळाला लागून. तिथल्या मंडळातल्या दोन बायकांनी हट्ट धरून आमची ऊसतोडीची कादंबरी घेतली, एकच प्रत. ग्रंथपालांनी फळ्यावर लिहिलं, “आपल्याकडच्या मुलीनं लिहिलेली.” आता तिथे नावं लावून ठेवावी लागतात. ज्यांना वाचता येत नाही अशा एक आजी नातीकडून वाचून घेतात आणि मधेच थांबवून, मुकादमानं उचल कापली तो भाग पुन्हा वाच म्हणतात. वाचक मागत नाहीत हे तिथे खरं ठरलं नाही. फळ्यावर एक ओळ लिहायला खडू तेवढा लागला.

शासनमान्य यादीत नाही म्हणून घेत नाही, असंही कारण दिलं जातं. वर्षभर छापलेली पुस्तकं पुढच्या वर्षी मागवायची, शासनाच्या समितीनं ती पाहायची, मग यादी निघायची. तोवर नवं पुस्तक नवं राहत नाही. आणि गंमत अशी, की चारशे रुपयांची ती एका साच्यातली चरित्रं घेताना यादीचा विषय निघालेला मी ऐकला नाही.

आता तुमची बाजू. छोट्या प्रकाशनांची बरीच पुस्तकं वाईट असतात, हे मी स्वतः म्हणते. पैसे घेऊन छापलेली, शुद्धलेखनाचा पत्ता नसलेली, निवृत्त झाल्यावर हौस म्हणून काढलेली आत्मचरित्रं, प्रस्तावनेत अर्धं गाव. अशी पुस्तकं गळ्यात मारायला येणारे तुमच्याकडे येतात आणि ओळखीपाळखीनं तुम्हाला ती घ्यावीही लागतात. तुमचा वैताग मला समजतो. पण त्यावर उपाय म्हणून छोटी प्रकाशनंच नकोत असं ठरवणं हे फार सोपं झालं. प्रास प्रकाशन काही मोठी कंपनी नव्हती, अशोक शहाण्यांनी मोजकी पुस्तकं काढली. अरुण कोलटकरांची ‘भिजकी वही’ तिथूनच २००३ मध्ये आली आणि २००५ चा साहित्य अकादमी पुरस्कार तिला मिळाला. प्रकाशन केवढं आहे यावरून पुस्तकाचं काही कळत नाही, सवलत केवढी आहे यावरून तर त्याहून नाही. त्यासाठी ते उघडून वीस पानं वाचावी लागतात. निवड समिती त्यासाठीच असते ना? किती ठिकाणी ती वर्षातून एकदा तरी पुस्तकं समोर ठेवून बसते, आणि किती ठिकाणी पुरवठादाराच्या यादीखाली फक्त सह्या होतात, हे तुमचं तुम्हीच तपासा.

ठाण्यात १ जून १८९३ ला मराठी ग्रंथसंग्रहालय निघालं ते मराठीत छापलेलं पुस्तक जमवून ठेवावं या हेतूनं. रत्नागिरीचं नगर वाचनालय १८२८ चं, नाशिकचं सार्वजनिक वाचनालय १८४० चं, पुण्याचं नगर वाचन मंदिर १८४८ चं. तेव्हा आजच्यासारखं अनुदान नव्हतं, तरी पुस्तकं जमवली गेली आणि ती त्या काळाची नवी पुस्तकं होती. ३ ऑक्टोबर २०२४ ला मराठीला अभिजात दर्जा मिळाला, फलक लागले, दिंड्या निघाल्या. त्याच भाषेत यंदा लिहिलेलं पुस्तक यंदा तुमच्या कपाटात येतं का, हा प्रश्न मी दिंडीतल्या कुणाला विचारला तर तो तुमच्याकडेच बोट दाखवेल.

माझ्या मागण्या साध्या आहेत आणि शासननिर्णयाची वाट न पाहता तुमच्या पुढच्या बैठकीत मंजूर करता येतील अशा आहेत.

एक, ऑर्डर पुस्तकाचं, लेखकाचं आणि प्रकाशनाचं नाव घालूनच द्या. नगांचा तक्ता बंद करा.

दोन, वर्षाच्या ग्रंथखरेदीतले १० टक्के पैसे गेल्या दोन वर्षांत निघालेल्या, लेखकाच्या पहिल्या किंवा दुसऱ्या पुस्तकांसाठी राखून ठेवा. आमचीच घ्या असं म्हणत नाही. नांदेड, जळगाव, सावंतवाडी, चंद्रपूर, जिथे कुणी असं काम करत असेल त्यांची घ्या.

तीन, अशा पुस्तकांवर २५ टक्क्यांपेक्षा जास्त सवलत मागू नका.

चार, बिल दाखल नोंद झाल्यापासून ९० दिवसांत द्या. हप्ता आलेला नसेल तर तसं ऑर्डरमध्येच लिहा, मी थांबेन. पण आलेल्या हप्त्यातून लहान बिलं आधी काढा, त्यानं तुमचं काही अडत नाही.

पाच, भेटप्रत मागू नका. पाहायला प्रत हवी असेल तर मागा, महिनाभर ठेवा, नाही आवडली तर परत पाठवा. येण्याजाण्याचा खर्च मी करेन.

सहा, निवड समितीत किमान दोन नेहमीचे वाचक घ्या, त्यातली एक बाई असू दे. आणि वर्षाची खरेदी यादी, म्हणजे पुस्तक, छापील किंमत, सवलत, पुरवठादार, एका कागदावर लिहून वाचनालयाच्या दाराशी लावा. वर्गणीदारांना ती वाचू द्या. माझी खात्री आहे की या एका कागदानंच बाकीचं निम्मं काम होईल.

जिल्हा ग्रंथालय संघांना एक जादा विनंती. तुमच्या वार्षिक अधिवेशनात अनुदान, वेतनश्रेणी आणि वर्गबदल यांवर ठराव होतात, ते व्हायलाच हवेत. त्यात अर्धा तास ग्रंथखरेदीच्या पद्धतीवर ठेवा आणि जिल्ह्याच्या ग्रंथोत्सवात नव्या लेखकांच्या पुस्तकांना एक टेबल बिनभाड्याचं द्या. टेबल लहान असलं तरी चालेल, आमची पुस्तकंही फार नाहीत.

माझ्या बाजूनं काय देईन तेही लिहून ठेवते. मागाल त्या प्रत्येक ग्रंथालयाला चारही पुस्तकांतली पहिली वीस-वीस पानं छापून पाठवते, खर्च माझा. सांगली, कोल्हापूर आणि सोलापूर जिल्ह्यांत जिथे बोलवाल तिथे लेखकांना घेऊन येते. मानधन नको, एसटीचं भाडं आणि दोन घास पुरेत. वाहक असलेल्या आमच्या लेखकांना तर भाडंही पडत नाही, असं ते स्वतःच सांगतात. छापण्यात दोष असलेली प्रत कधीही बदलून देते. आणि कुठल्या पुस्तकाबद्दल तुमच्या समितीचं मत वाईट झालं तर ते दोन ओळींत कळवा. का नाही आवडलं हे वाचनालयाकडून आम्हाला आजवर कुणी कळवलेलं नाही, आणि त्याची मला खरोखर गरज आहे.

हे पत्र पुढच्या बैठकीच्या विषयपत्रिकेवर घ्या. ठराव माझ्या विरोधात झाला तरी चालेल. इतिवृत्तातल्या त्या ठरावाची नक्कल पाठवा. ती मी आमच्या पुढच्या सूचिपत्रात, ग्रंथालयाच्या नावासह, जशी आहे तशी छापेन.

आपली,
एक छोटी प्रकाशक,
मिरज